आधी मालकाने बोलावे

कीटकनाशकाला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विष म्हणत नाही. सगळे औषध म्हणतात. कृषी केंद्रात औषध मागतात, पंपात औषध भरतात, पऱ्हाटीवर औषध मारतात. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्याला लागून आलेल्या दिवसांत हे औषध मारता मारता जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो शेतकरी आणि शेतमजूर उपचारासाठी दाखल झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या. कुणाला दिसेनासे झाले होते, कुणाच्या उलट्या थांबत नव्हत्या. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. कारणे बरीच निघाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याला लागेल इतकी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. हातमोजे, मास्क, चष्मा बहुतेकांजवळ नव्हते.

यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून झाले आहे. फवारणाऱ्यांत स्वतःच्या शेतात राबणारे लहान शेतकरीही होते. पण जिथे एकाने फवारायला सांगितले आणि दुसऱ्याने फवारले, तिथे त्या दोघांत काय बोलणे झाले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. जिल्ह्यातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल असे हे चित्र पाहा. तिसऱ्या पंपाला मजुराचे डोळे चुरचुरू लागतात. तो धुऱ्यावर बसून पाणी पितो. मालक विचारतो, ‘काऊन रे, का झालं?’ तो म्हणतो, ‘काही नाई मालक, जरा गरगरल्यावानी झालं.’ मालक म्हणतो, ‘दोनच पंप राह्यले. मारून घे, मंग घरी जाय.’ आणि तो उठतो.

यात मालक क्रूर आहे असे आम्हाला वाटत नाही. त्याची कृषी केंद्रात उधारी असते, अळी थांबणार नसते, आभाळ भरून आलेले असते. मजूरही अडाणी नाही. आज नाही म्हटले तर उद्याचा सांगावा दुसऱ्याच्या घरी जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. दोघांनाही काहीतरी खटकलेले असते आणि दोघेही बोलत नाहीत. ज्याच्या हातात आपली रोजी आहे त्याच्यासमोर माणूस नकार गिळतो आणि वाईट बातमीही गिळतो. म्हणून असे कठीण बोलणे सुरू करण्याचे काम कामगारावर सोडून चालत नाही. ते मालकाचेच काम आहे आणि ते पहिला पंप भरण्याआधी करायचे असते.

काय बोलायचे? ‘काळजी घेजो’ एवढे तर सगळेच म्हणतात. त्याला काही अर्थ नाही. बोलणे असे हवे: ‘डोकं फिरलं, अंधारी आली, की पंप उतरवून ठेव. आजची मजुरी पूर्ण देतो. उद्याचं काम बी तुलेच.’ यातली शेवटची दोन वाक्ये नसतील तर पहिल्या वाक्याचा उपयोग शून्य. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्याला दाखवावा. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्रास झालाच तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जायचे, म्हणजे कोणते विष पोटात किंवा अंगात गेले ते डॉक्टरांना कळते आणि उतारा लवकर देता येतो, हेही त्याच वेळी सांगावे. संरक्षक कपडे देणे हा मालकाचा उपकार नव्हे. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा आहे, नियम 1971 चे आहेत आणि विष हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे आणि प्रशिक्षण हवे, हे त्या नियमांत केव्हाचे लिहिलेले आहे.

आणि एक गोष्ट. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांत कोलाम समाजाची पोडे आहेत. घरात त्यांची भाषा कोलामी. शेतमालक मराठीत सगळे सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘समजलं का?’ उत्तर येते, ‘हो.’ आम्ही शाळेत शिकवतो, तेव्हा या ‘हो’ची किंमत आम्हाला माहीत आहे. ‘समजले का?’ असे विचारल्यावर सबंध वर्ग हो म्हणतो, आणि चाचणीत निम्म्या वर्गाला काहीच येत नाही. त्यापेक्षा ‘आता चक्कर आली तर तू काय करशील, ते मला सांग’ असे विचारावे. कळले की नाही ते एका मिनिटात कळते.

शेताचे उदाहरण आम्ही एवढे लांबवले, कारण तिथे न बोलण्याने माणसे गेली. पण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात शेतापेक्षा दुकान, गॅरेज, बेकरी, लाकडाची वखार किंवा एखादी लहान संस्था असण्याचा संभव जास्त. यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी, पांढरकवडा या गावांत दोन-चार ते पंधरा-वीस माणसे कामाला ठेवणारी कितीतरी मुस्लिम कुटुंबे आहेत. मोठ्या कंपन्यांत व्यवस्थापकांना माणसांशी बोलायचे प्रशिक्षण देतात. आमच्याकडे अब्बांची तब्येत बिघडते आणि पंचवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी गादीवर बसतो. त्याला हिशेब येतो, माल ओळखता येतो. अब्बांच्या वयाच्या माणसाला चूक कशी दाखवायची, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

गल्ल्याचेच घ्या. रात्री हिशेबात 400 रुपये कमी येतात. सकाळी गिऱ्हाइकांसमोर तरुण शेठ मोठ्याने विचारतो, ‘काल गल्ल्यावर कोण होतं?’ प्रश्न साधा आहे, पण दुकानातल्या चौघांना आणि बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ एकच कळतो. पुढे चिठ्ठी सापडते, उधारीची नोंद राहिलेली निघते, पण बारा वर्षे काम केलेला माणूस महिनाभरात दुसरीकडे लागतो. हेच बोलणे गोदामात, दोघांतच होऊ शकते: ‘मंगळवारच्या हिशेबात 400 रुपये जुळत नाहीत. बसा, तुम्ही आणि मी मिळून चिठ्ठ्या पाहू.’ जे दिसले तेवढेच सांगितले. संशय सांगितला नाही. चोरी झाली असेल तर चिठ्ठ्या पाहताना ती उघडी पडेलच, आणि झाली नसेल तर कोणाची इज्जत गेलेली नसेल. दुकान भरलेले असताना, त्याचा मुलगा डबा घेऊन आलेला असताना, किंवा शेठचे स्वतःचे डोके तापलेले असताना हे बोलणे काढू नये. जोहरच्या नमाजला जाऊन यावे, मग बोलावे. एवढ्या वेळात 400 रुपये कुठे पळून जात नाहीत.

एकदा मुद्दा सांगून झाला की शेठने गप्प बसावे. आम्हा लोकांना हे फार जड जाते. समोरचा दहा सेकंद बोलला नाही की आपण पुन्हा सुरू होतो, आधीच्या दोन चुका काढतो, मग त्याच्या भावाने काय केले होते ते काढतो. त्याला उत्तर द्यायला जागाच राहत नाही, आणि त्याचे गप्प राहणे आपण गुन्ह्याची कबुली समजतो.

आता संबोधनाविषयी थोडे, कारण आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो आणि आमचे कान तिथेच जातात. आमच्या घरांत उर्दू, दुकानात वऱ्हाडी. उर्दूत ‘आप’ म्हणणारी जीभ मराठीत सरळ ‘तू’वर येते. वऱ्हाडीत ‘तू’ आपुलकीचाही असतो हे खरे. पण तो आपुलकीचा आहे की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. स्वतःच्या बिरादरीतल्या वयस्क कामगाराला चाचा म्हणायचे आणि त्याच वयाच्या आदिवासी हमालाला नुसते ‘ए’ म्हणायचे, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. अशा हमालाला उद्या तुम्ही कितीही पद्धतशीर समजावले तरी तो ऐकणार नाही. रोज ‘काका’ किंवा ‘भाऊ’ ऐकणाऱ्या माणसाला चूक सांगणे निम्म्याने सोपे जाते.

सहीह बुखारीत हजरत अबू जर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या तोंडून एका माणसाला त्याच्या आईवरून टोचणारे शब्द गेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना तिथेच समज दिली. मग सांगितले ते असे की हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, आपण जे खातो-नेसतो ते त्यांना द्यावे, त्यांच्या ताकदीपलीकडचे काम त्यांच्यावर लादू नये आणि लादावे लागलेच तर स्वतः मदतीला उभे राहावे. जुम्म्याच्या बयानात हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. पण त्यात एक कठीण संभाषणही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. एका मोठ्या सहाबींना त्यांची चूक स्पष्ट शब्दांत सांगितली गेली, आणि त्याच बोलण्यात पुढे कसे वागायचे तेही सांगितले गेले. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे सेवा केली आणि त्या काळात त्यांना एकदाही ‘उफ’ म्हटले गेले नाही, हेही प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ चुका दाखवायच्याच नाहीत असा लावून काही जण वर्षभर गप्प बसतात आणि ईदच्या आधी एकदम माणूस काढतात. हा अर्थ आम्हाला पटत नाही.

काढण्यापेक्षाही अवघड बोलणे एक आहे. ते नात्यातल्या माणसाशी. मामूंचा मुलगा दुकानात ठेवलेला असतो आणि तो रोज अर्धा तास उशिरा येतो. शेठ त्याला काही बोलत नाही. घरी बेगमला सांगतो. बेगम नणंदेला सांगते, नणंद फोनवर खालाला, आणि तो निरोप मामींपर्यंत पोहोचेपर्यंत पोरगा चोर ठरलेला असतो. मग शादीच्या दस्तरखानावर दोन घरे एकमेकांकडे पाठ करून बसतात. या मासिकाच्या वाचक भगिनींना यातले एकही पात्र अनोळखी वाटणार नाही. घरच्या बायकांनी ‘हे तुम्ही त्यालाच का सांगत नाही?’ असे पहिल्याच दिवशी विचारले तर अर्धे तंटे तिथेच थांबतील. कामाची गोष्ट कामाच्या जागी, आणि ज्याची त्याच्याशी.

सुरुवात कशी करावी यावर नव्या पुस्तकांत एक पद्धत असते: आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. बीएडच्या सराव पाठांनंतर निरीक्षकही असेच शेरे देतात. फळलेखन छान, आवाज स्पष्ट, पण... त्या ‘पण’ची वाट पाहत वर्गातले सगळे विद्यार्थी-शिक्षक उभे असतात, आधीचे कौतुक कोणाच्या कानात शिरत नाही. खरे कौतुक असेल तर ते वेगळ्या दिवशी करावे. चूक सांगायची असेल त्या दिवशी चूक सांगावी. कामगार आपल्यापेक्षा हुशार असतात, प्रस्तावना सुरू झाली की त्यांना कळते.

पैशाच्या बोलण्याला तर आणखी काळजी लागते. जूनमध्ये शाळा, मग ईद किंवा दिवाळी, मग लग्नसराई, प्रत्येक वेळी कामगार उचल मागतो. शेठ खिशातून काढून देतो, लिहीत नाही. सहा महिन्यांनी एकाला सात हजार आठवतात, दुसऱ्याला पाच. दोघेही खरे बोलत असतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे, आणि ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे, तरी आम्ही हिशेबाच्या वहीचा कंटाळा करतो. एका वहीत तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असल्या की भांडायला काही उरत नाही. आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला कामावर अडकवून ठेवता येत नाही, हेही ध्यानात असावे. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे.

विदर्भात सालगड्याचा ठराव गुढीपाडव्याला होतो. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे कोणते, सुट्या कोणत्या, सगळे त्या दिवशी बोलले जाते. त्या पद्धतीत सालगड्याला फार काही मिळते असे आम्ही म्हणत नाही. पण बोलण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि त्या दिवशी गड्याला ‘मालक, अवंदा परवडत नाई’ असे म्हणायला लाज वाटत नाही. दुकानांत आणि गॅरेजांत असा दिवसच नसतो. कामगाराने पगारवाढीचा विषय काढायचा तरी कधी? एखादा दिवस ठरवून टाकावा. रमजानच्या आधीचा आठवडा काही जणांना सोयीचा वाटेल, पण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणून पगारासाठी एप्रिलची पहिली तारीख बरी.

माणूस कमी करायची वेळ येते तेव्हा पहिल्या वाक्यात ते सांगावे. ‘धंदा मंदा आहे, बघू, पुढच्या महिन्यात काय होते ते’ असे म्हणत राहिले की त्याला दुसरीकडे शोध घेता येत नाही. मुनीमाकरवी किंवा मोबाईलवरच्या निरोपातून तर मुळीच सांगू नये. जिनिंगमध्ये हंगाम संपतो तेव्हा सगळ्यांना आधीच ठाऊक असते, तिथे दुःख एवढेच की पुढच्या हंगामात कोणाला बोलावणार ते कोणी बोलत नाही. वर्षभर चालणाऱ्या कामाची गोष्ट निराळी. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामावरून काढल्यावर राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करावी, असे 2019 ची वेतन संहिता सांगते. या रकमा कागदावर लिहून, ते कागद हातात घेऊन बोलायला बसावे. ‘तुमचे मी पाहून घेईन’ हे वाक्य त्या वेळी कोणाच्याही उपयोगाचे नसते.

शाळांविषयी लिहिले नाही तर आमचे सहकारी आम्हाला सोडणार नाहीत. पट घटतो, संच मान्यतेत एक पद कमी होते आणि कोणीतरी अतिरिक्त ठरतो. मराठी शाळांत होते, उर्दू शाळांतही होते. मुख्याध्यापकाला आकडे सप्टेंबरपासून दिसत असतात. तो बोलत नाही, ‘उगीच कशाला टेन्शन द्यायचे’ म्हणतो. शिपायाला मात्र सगळे ठाऊक असते, आणि तीन महिने शिक्षक खोलीत चहा कडू लागतो. ज्या मुख्याध्यापकाने ज्येष्ठता यादी टेबलावर ठेवून ‘पट एवढा आहे, पदे एवढी मिळतील, यादीत तुमचा क्रमांक हा आहे, समायोजनासाठी कागद आत्ताच जमवू’ असे सांगितले, त्याच्यावर कोणी राग धरला असे आम्ही पाहिलेले नाही. राग आला तो शासनावर आला. खासगी शाळांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा संबंधिताला लेखी कळवावा, असे त्या नियमावलीत आहे. लेखी कळवण्याच्या आधी तोंडी बोलू नये असे मात्र तिच्यात कुठेच नाही.

काही गोष्टी शेठने दोघांत बसून मिटवू नयेत. दुकानातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या बाईने कोणाच्या वागण्याची, अंगाला हात लावण्याची तक्रार केली, तर ‘मी त्याला समजावतो, तुम्ही वाढवू नका’ असे म्हणणे हा अन्याय आहे. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान जागांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. त्या बाईंचे पूर्ण ऐकून घेऊन, तक्रार लेखी करायला मदत करून तिथवर पोहोचवणे, एवढेच मालकाचे काम.

हे वाचून एखादा तरुण शेठ उद्याच सगळ्यांना बसवून विचारेल, ‘कोणाला काही अडचण आहे का?’ कोणी काही बोलणार नाही. सगळे खाली पाहतील, एक जण म्हणेल, ‘नाई शेठ, सगळं बराबर हाये.’ त्याने निराश होऊ नये. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. तेव्हा कोणीतरी गोदामातला पंखा बंद असल्याचे सांगेल. पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावा. मग आणखी महिन्या-दोन महिन्यांनी, बहुतेक दुकान बंद करताना, कुलूप लावता लावता, तोच माणूस हळूच काट्याविषयी किंवा मुनीमाविषयी काहीतरी सांगायला सुरुवात करेल.